पळत्या बाईच्या पाठी

वैशालीच्या घरात पळायचं मशीन आलं, त्या दिवसापासून सुमेधाची तीन वर्षांची सुनीती घरी दूध पिईनाशी झाली.

"मावशीकडे पिणार," ती जाहीर करायची, चपला उलट्या पायांत घालायची आणि समोरच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारायची. दार उघडायचं, सुनीती आत जायची, आणि सुमेधा दुधाचा पेला हातात धरून स्वतःच्याच उंबऱ्यात पाहुणीसारखी उभी राहायची.

साल शहाऐंशी. बेलापूरच्या त्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं समोरासमोर होती. वैशालीचा नवरा श्यामसुंदर मस्कतला नोकरीला. दिवाळीच्या सुट्टीत तो आला तेव्हा त्याच्यामागून टेंपोतून ते मशीन आलं. चार हमालांनी वर चढवलं. जिन्याच्या कठड्याचा रंग तीन ठिकाणी खरवडला गेला आणि सोसायटीचे सेक्रेटरी सुभाषराव यांनी त्याची नोंद केली. खाली काळा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या, समोर एक डबी आणि तिच्यात लाल आकडे. कागदावर त्याचं नाव ट्रेडमिल असं होतं, पण ते कोणी घेत नसे.

"अख्ख्या बेलापुरात असं एकच," सुभाषराव म्हणाले.

याआधी वैशालीकडे रेडिओ-टेपचा टू-इन-वन आला, पाव भाजायचं यंत्र आलं, अत्तरांच्या बाटल्या आल्या. ते सगळं सुमेधानं गिळलं. गल्फवाल्यांच्या समोर राहायचं म्हणजे तेवढं गिळावंच लागतं. पण या मशीननं तिची पोरच नेली.

सकाळी सातला वैशाली पळायला लागे. सुनीती तिच्या बाजूला छोट्या स्टुलावर बसे आणि ते लाल आकडे बदलताना बघे. एक ते नऊ आकडे ती तिथेच शिकली. बी.एस्सी. फर्स्ट क्लास असलेल्या आईनं स्वयंपाकघरात रंगीत खडूंनी काढून लावलेला तक्ता भिंतीवर नुसता फडफडत राहिला.

एकदा जेवताना सुनीती म्हणाली, "बाबा ऑफिसला जातात. मावशी पळते. आई काय करते?"

तिच्या बाबांना, जयप्रकाशला, आमटी भुरकताना ठसका लागला. आई काय करते याची अकरा उत्तरं सुमेधाला तिथल्या तिथे सुचली, पण त्यांतल्या एकालाही लाल आकडे नव्हते.

"मी तिला उद्यापासून पाठवणार नाही," सुनीती झोपल्यावर ती म्हणाली. "त्या पट्ट्यात बोट गेलं म्हणजे?"

"नाही जाणार. वैशालीनं स्टूल चार फूट लांब ठेवलंय. खडूनं रेघ मारलीय जमिनीवर, हिच्या पुढे यायचं नाही म्हणून."

सुमेधाला हेच जास्त लागलं. काळजी करायचं खातं तरी आपल्याकडे आहे असं ती समजत होती.

शेवटी एका सकाळी ती सुनीतीबरोबर स्वतःच आत गेली. "मी पण बघू का गं पळून?"

"ये ना!" वैशाली म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता आणि तोही तिला शोभत होता. "पण बुकात लिहिलंय, नवीन माणसानं आधी चालायचं. तीन मिनिटं चाल, एक मिनिट पळ."

"पळायला काय बुक लागतं? शाळेत मी खो-खोत होते."

सुमेधानं पदर खोचला आणि ती पट्ट्यावर उभी राहिली. वैशालीनं बटण दाबलं. अर्धं मिनिट बरं गेलं. मग सुनीती ओरडली, "आई, पळ ना!" आणि सुमेधानं आपल्या हातानं आकडा वाढवला. साध्या रस्त्यावर माणूस थांबला की रस्ताही थांबतो. इथे माणूस थांबला तरी रस्ता थांबत नाही, हे तिला ऐन वेळी कळलं. लेक कौतुकानं बघतेय का, हे बघायला तिनं मान वळवली, तेवढ्यात रस्त्यानं तिला मागे नेलं आणि दिवाणावर अलगद बसवलं. आता चहा येणार असावा, तशी ती बसली होती.

"आई, परत बस!" सुनीतीनं टाळ्या वाजवल्या.

घरी येताना पायांखालची फरशी सरकते आहे असं वाटत होतं. सुमेधा भिंत धरून आपल्या दारात शिरली.

"ते पळणं नव्हेच," संध्याकाळी तिनं जयप्रकाशला सांगितलं. "जमीन पळते आणि ती नुसती वर पाय उचलते. वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही. मी खरं पळणार. रस्त्यावर. बाल्कनीतून सुनूला दिसेन."

जयप्रकाश सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होता. त्यानं सेक्टरच्या नकाशाची निळी प्रत जमिनीवर पसरली आणि पट्टी लावली. "आपल्या फाटकापासून रेशनच्या दुकानापर्यंत चारशे वीस मीटर. गटारावरची उडी धरून."

"वैशाली रोज तीन किलोमीटर पळते."

"म्हणजे तुला साडेतीन फेऱ्या. शेवटी दुकानापाशीच राहशील, येताना रिक्षा कर."

"हसा तुम्ही."

सोमवारी साडेसहाला ती निघाली. अंगात कॉलेजातला पंजाबी ड्रेस, शिवण उसवून मोठा केलेला. पायांत जयप्रकाशचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेले. सुनीती बाल्कनीत बाबांच्या कडेवर होती. सुमेधानं वर बघून हात केला आणि पळायला सुरुवात केली.

दिव्याच्या दुसऱ्या खांबापाशी गावातली सुंदराबाई मासळीची टोपली घेऊन समोरून आली आणि जागीच थांबली. "काय झाला गो बाय? कोन पडला?"

"कोणी नाही सुंदराबाई. पळतेय."

"ते दिसतंय. पन कोनाच्या पाठी?"

चौथ्या खांबापाशी सुभाषरावांची मोपेड बाजूला आली. "वहिनी, बसा मागे! कुठल्या दवाखान्यात?"

"दवाखाना नाही. व्यायाम."

"मला सांगायला संकोच करू नका. जयप्रकाश ठीक आहे ना?"

"ठीक आहेत!"

"मग तुम्ही ठीक नाही का?"

ते तिच्या वेगानं मोपेड चालवत राहिले आणि त्यांचा धूर ती खात राहिली. मग त्यांनी गाडी वळवली आणि खात्री करायला थेट जयप्रकाशला गाठलं. तो बाल्कनीत मुलीची वेणी घालत बसलेला बघून त्यांनी ओळखायचं ते ओळखलं. संध्याकाळी तळमजल्यावरच्या गिरजाबाई वाटीभर खीर घेऊन आल्या आणि सुमेधाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "संसारात असं होतं हो कधी कधी. पण घर सोडून पळायचं नसतं. आणि पळायचंच तर निदान मुलीला घेऊन."

मंगळवारी चौघांनी विचारलं. बुधवारी नऊ जणांनी. प्रत्येकाला उत्तर द्यायला थांबावं लागे, त्यामुळे तिची एक फेरीसुद्धा धड पळत पुरी होईना. बाल्कनीतून सुनीतीला आई पळताना कमी आणि गप्पा मारताना जास्त दिसत होती. साडेसातला ती कंटाळून मावशीकडे जायचीच.

"आपल्याकडे बाई रिकाम्या हातानं पळाली की लोकांच्या पोटात गोळा येतो," जयप्रकाश म्हणाला. "हातात काहीतरी घे. कामाला निघालीय म्हणून कोणी विचारणार नाही."

हे सुमेधाला पटलं. काय न्यावं याचा तिनं शास्त्रीय विचार केला. पिशवी पायांत येते. छत्री विचित्र दिसते. मोरीत रॉकेलचा पाच लिटरचा डबा होता. रिकामा, हलका, वर धरायला कडी. गुरुवारी ती तो डबा घेऊन निघाली.

आणि खरंच, कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

गॅसचा नंबर लावला की सिलिंडर कधी महिन्यानं येई, कधी दीड महिन्यानं. तोवर घराघरांत स्टोव्ह, आणि स्टोव्ह म्हणजे रेशनचं रॉकेल. ते येतं कधी हे कोणालाच ठाऊक नसे. ज्याला कळेल तो आधी स्वतः जाऊन उभा राही, मग शेजाऱ्यांना सांगे. त्या गुरुवारी रॉकेल येऊन एकोणीस दिवस झाले होते. हे सुमेधाला माहीत होतं. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात फक्त बाल्कनी होती.

सुंदराबाईनं पळणारी बाई बघितली, मग डबा बघितला. टोपली खांबाला टेकवली आणि ती उलटी फिरली. "राकेल आयला गो! राकेल!"

मागून एक डबा वाजला. मग तीन. सुमेधानं वळून बघितलं तर गिरजाबाई परकर वर धरून पळत होत्या आणि त्यांच्या दातांत रेशनकार्ड होतं. त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जणी आणि लुंगीतले दोन पुरुष.

यांच्या मागे काय लागलंय, हा विचार सुमेधाच्या मनात पहिला आला. कुत्रं? पिसाळलेलं? ती आधीच काळजीखोर. तिनं वेग वाढवला.

"अगं बाई, संपत आलं वाटतं!" मागून कोणी तरी ओरडलं, आणि सगळ्यांनीच वेग वाढवला.

गटारावरून तिनं अशी उडी मारली की खो-खोतसुद्धा कधी मारली नव्हती. चारशे वीस मीटर ती एका दमात गेली आणि दुकानाच्या बंद शटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. मागे धाड धाड डबे जमिनीवर पडले आणि रांग लागली. तिला बाहेर पडायला जागाच उरली नाही.

सुभाषराव खडू घेऊन आले. त्यांनी तिच्या डब्यावर ठळक "१" काढला. "वहिनींचा पहिला. बाकीचे शिस्तीत!"

"सुभाषराव, रॉकेल आलंय असं मला कोणी सांगितलेलं नाही हो."

"हळू बोला." त्यांनी डोळा बारीक केला. "जयप्रकाश कचेरीत आहे. आतली बातमी. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"अहो, मी व्यायाम करत होते!"

"रॉकेलचा डबा घेऊन?"

अख्खी रांग हसली. "तीन दिस झाले," सुंदराबाई सगळ्यांना सांगू लागली, "ही बाय सकालची येते, दुकान बगते नि जाते. मी बगतंय ना. आज डबा घेऊन आली. मंग?"

सुमेधानं मनात दिवस मोजले. ती सोमवारपासून खरोखर दुकानापर्यंत येऊन परत जात होती.

दुकानदार शिवराम सायकलवरून आला. दारात एवढी माणसं बघून त्याचा पाय पेडलवरून निसटला. "आज रॉकेल नाय."

"मग घाबरलास कशाला?" मागून कोणी तरी म्हणालं.

शिवरामनं शटर वर केलं, पिंप पुढे ओढलं आणि त्याच्यावर बुक्की मारली. आवाज पोकळ आला. सुंदराबाईनं आत हात घालून बघितला. "रिकामा हाय."

"म्हणजे येतंय," सुभाषराव म्हणाले. "येणार नसतं तर पिंप दर्शनी जागी कशाला ठेवलं असतं?"

तेवढ्यात रांगेच्या शेवटाला वैशाली येऊन पोचली. एका हातानं बरगडी धरलेली, केस सुटलेले, तोंड लालबुंद. डबा तिनं खाली ठेवला नाही, टाकला. सुभाषरावांनी त्याच्यावर "४३" काढला.

"मशीनवर... तीन किलोमीटर पळते गं मी," ती लांबूनच म्हणाली. "इथे दोन खांबांत दम गेला. समोरून वारा लागतो. रस्ता काय, खालीवर. आणि थांबलं की थांबतंच सगळं. पुढे ढकलायला कोणी नाही."

सुमेधानं "हो ना गं" असं म्हटलं. आतून तिला किती बरं वाटलं हे तिनं जयप्रकाशलाही कधी सांगितलं नाही. चाळीस माणसांच्या डोक्यांवरून ती तो त्रेचाळीस आकडा पुन्हा पुन्हा वाचत होती.

एवढ्यात जयप्रकाश आला. खांद्यावर सुनीती. हीच ती वेळ. सुमेधानं डबा वर उचलला, आकडा नीट दिसेल असा. "सुनू! बघ! आई पहिली आली!"

सुनीतीनं रांगेकडे बघितलं, सुंदराबाईकडे बघितलं. तिचा खालचा ओठ पुढे आला आणि तिनं असं भोकाड पसरलं की शिवरामचा हात पिंपावरच राहिला. ती घरी जाईपर्यंत रडत होती. कारण विचारलं की आणखी रडत होती.

मावशी शेवटी आली म्हणून रडतेय, असं सुमेधानं ठरवलं. आपल्या पोटच्या पोरीला आपण जिंकलेलं बघवत नाही. त्या दिवशी तिनं वरणात मीठ दोनदा घातलं.

रॉकेल आलं नाही. पण लोक रांग मोडायला तयार नव्हते. सगळ्यांनी आपापले डबे नंबरवारीनं शटरपाशी ठेवले, वर एकेक दगड ठेवला आणि घरी गेले. एक नंबरचा डबा उचलला तर रांगेचं तोंडच जाईल, म्हणून सुभाषरावांनी तो सुमेधाला परत नेऊ दिला नाही.

शुक्रवारी सकाळी ती बूट घालायला गेली, तर सुनीती बुटांवर बसली होती.

"ऊठ बाळा. आईला जायचंय."

"नको जाऊ."

"मावशीकडे जा ना तू तोवर. मी काय तुला अडवतेय?" सुमेधाचा आवाज नको तेवढा चढला.

"नको जाऊ!" सुनीतीनं तिची ओढणी दोन्ही मुठींत धरली. "ते सगळे तुझ्या मागे लागतात. मासेवाल्या मावशीनं टोपली टाकली आणि तुला पकडायला आली. तू भिंतीला चिकटलीस. मी बघितलं."

सुमेधा तिच्याजवळ खाली बसली. बाल्कनीतून ते तसंच दिसणार, दुसरं काय दिसणार? पुढे आई, मागे अख्खा सेक्टर. तीन वर्षं या घरात घाबरण्याचं सगळं काम तिनं एकटीनं केलं होतं. तिच्यासाठी कोणी घाबरतं आहे, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

सुनीती उठली, डोळे पुसले आणि आईचं बोट धरून तिला समोरच्या दाराशी घेऊन गेली. दारावर थापा मारल्या. "मावशी, आईला तुझ्या मशीनवर पळू दे. इथे कोण पकडत नाही."

दार उघडलं तर वैशालीच्या पायांत बूट आणि हातात डबा.

"ये ये," ती म्हणाली. "लावून देते. मी बाहेर निघालेय."

"तू? अगं, काल तुझा जीव चालला होता. आणि डबा तर तिथे रांगेत आहे ना तुझा?"

"हा दुसरा. नाहीतर माणसं विचारत बसतील." वैशालीनं वेग दोनावर ठेवला आणि स्टूल रेघेच्या मागे सरकवलं. मग म्हणाली, "महिनाभर भिंतीकडे तोंड करून पळतेय मी सुमेधा. काल शेवटची आले, पण कोणाच्या तरी मागे होते. आणि तू! तुझ्या मागे चाळीस माणसं. मला रात्रभर झोप नाही लागली गं."

आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.

आपला हेवा वाटून कोणाची तरी झोप उडाली आहे, ही बातमी सुमेधानं पट्ट्यावर उभ्या उभ्या दोन-तीनदा मनात घोळवली. मग बुकात सांगितल्याप्रमाणे ती तीन मिनिटं चालली आणि एक मिनिट पळली. सुनीती स्टुलावर बसून, हनुवटी मुठींवर ठेवून, फक्त तिच्याकडे बघत होती. वैशालीला रोज सकाळी हे मिळत होतं तर. पट्टा एका लयीत सरकत होता. पाय पडला तरी दुखत नव्हता. ते पळणंच नव्हे असं आपण का म्हणत होतो, हे तिला आता आठवेना.

"आई, चार झाले!" सुनीती म्हणाली.

इतक्यात खाली डबा वाजला. मग दुसरा. मग एकदम बरेच. रांगेत एक डबा असला तरी घराघरांत दुसरा होताच.

सुनीतीची मान वळली. ती स्टुलावरून उतरली आणि खिडकीपाशी जाऊन गजांना लोंबकळली. "मावशी! आई, मावशी पहिली! सगळे मागे! मावशी पहिली!" ती जागच्या जागी उड्या मारू लागली.

सुमेधानं खिडकीकडे मान लांबवली. पण दांड्या सोडून जाता येत नव्हतं. "अगं, पण पकडतील ना तिला ते?" तिनं पळता पळता, थोड्या आशेनं विचारलं.

"पकडू दे."

"आणि पडली तर?"

"पडू दे," सुनीती खिडकीतून डोळे न हलवता म्हणाली. "ती काय माझी आई आहे?"

सुमेधानं बटण दाबून वेग दोनावरून दीडावर आणला. एवढी घाई करायचं आता काही कारण नव्हतं. ती थोडा वेळ सुखानं चालली. मग राहवेना.

"सुनू, किती जण आहेत गं तिच्या मागे?"

"खूप."

"कालच्यापेक्षा जास्त?"

सुनीतीनं गजांतून डोकं शक्य तेवढं बाहेर काढून, बराच वेळ नीट बघितलं.

"हो."

सुमेधानं वेग परत वाढवला.